वापरेल त्याचं नाव

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी ठरवलं, आपापल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या आणि एका साइटवर ठेवायच्या. ओव्या मिळाल्या. माइक मिळाला. नाव मिळालं नाही.

म्हणजे नाव सुचलं होतं. मराठीत दोन अक्षरं, रोमनमध्ये पाच. कोणतं ते इथे लिहीत नाही, लिहिलं तर भाव वाढेल. पत्ता टाइप केला तर पांढऱ्या पानावर एकच ओळ आली : हे नाव विकाऊ आहे. किंमत विचारली. उत्तर आलं, चार हजार डॉलर. सव्वातीन लाख रुपयांच्या वर. त्या पानावर दुसरं काहीच नव्हतं, आणि पूर्वी कधी काही असल्याची खूणही सापडली नाही. शेवटी आम्ही एकोणीस अक्षरांचं, मधे आडवी रेघ असलेलं नाव हजार-बाराशे रुपयांत घेतलं. गावाकडच्या ज्या काकूंच्या आवाजात सगळ्यात जास्त ओव्या आहेत, त्यांना फोनवर पत्ता सांगत होतो, "ए दोनदा, मग आडवी रेघ, मग झेड नाही हां, जे-एच." त्या म्हणाल्या, "राहू दे रे बाळा, तू आलास की दाखव."

त्या दिवसापासून माझा या विषयावर राग आहे. हा लेख त्या रागाचा आहे, पण हिशेब करून.

आधी हिशेब. इंग्रजीत २६ अक्षरं. तीन अक्षरी नावं होतात १७,५७६. चार अक्षरी ४,५६,९७६. ऐकायला भरपूर वाटतं, पण यातली बहुतेक तोंडात मावत नाहीत. व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर अशी सरळ उच्चारता येणारी चार अक्षरी नावं मोजा : २१ गुणिले ५ गुणिले २१ गुणिले ५. झाली ११,०२५. हे सगळ्या जगासाठी. जपानी बूट, ब्राझीलची कॉफी, नाशिकची द्राक्षं आणि आमच्या ओव्या, सगळ्यांना त्या ११,०२५ मधूनच घ्यायचंय. डॉट कॉममधली चार अक्षरी नावं, उच्चारता येणारी आणि न येणारी, २०१३ मध्येच संपली.

'पहिला आला त्याला मिळालं' हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण रांग कधी लागली ते बघा. पहिलं डॉट कॉम नाव, सिम्बॉलिक्स, १५ मार्च १९८५ ला नोंदवलं गेलं. पुढची दहा वर्षं नाव नोंदवायला पैसे पडत नव्हते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत. आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत नावांना शुल्क लागलं : दोन वर्षांचे १०० डॉलर. आपण दारात पोचलो तेव्हा फुकट जेवणाची पंगत उठत होती. रांगेत आपला नंबर मागे नव्हता. रांग लागल्याचं आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बरं, उशिरा आलो हे मान्य. उशिरा येणाऱ्याला लांबचं घर मिळतं, त्याची तक्रार नाही. माझी तक्रार रिकाम्या घरांबद्दल आहे. पुण्यात किंवा नवी मुंबईत भाड्याची खोली शोधलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल : रात्री दिवे न लागणारे मजलेच्या मजले, आणि खाली खोलीसाठी वणवण करणारी माणसं. डोमेनचं तेच आहे. डॉट कॉमची घाऊक किंमत २०२४ पासून नावामागे वर्षाला १०.२६ डॉलर आहे. हजार नावं अडवून बसायला वर्षाला साधारण दहा हजार डॉलर लागतात. त्यातली तीन जरी चार हजाराला गेली की उरलेली ९९७ फुकट सांभाळली जातात. नूतनीकरण करत राहिलात तर नाव पिढ्यान्‌पिढ्या तुमचं. वापरलंत का, असं कुणीही विचारत नाही. आणि एखादं नाव चुकून सुटलंच, तर ३० दिवसांची मुदत आणि त्यानंतरचे ५ दिवस संपताच ते पकडायला प्रोग्रॅम टपलेले असतात. माणसाच्या बोटाला तिथे संधी नाही.

हा व्यापार करणारे म्हणतात, ही गुंतवणूक आहे, जमिनीसारखी. उत्तम. मग जमिनीसारखंच बोलू. महाराष्ट्राला जमिनीबद्दल थोडं कळतं. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा इथे कायद्यात उतरली. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि कुळं जमिनीची मालक झाली. १९६१ मध्ये कमाल जमीन धारणेचा कायदा आला. त्यात पळवाटा निघाल्या, नातेवाइकांच्या आणि गड्यांच्या नावावर सातबारे चढले, हे आपल्या गावागावाला माहीत आहे. तरीही एक तत्त्व मान्य झालं : जी गोष्ट मर्यादित आहे आणि सगळ्यांना लागते, ती केवळ अडवून ठेवणं हा हक्क होऊ शकत नाही. नावांच्या बाबतीत एवढंसुद्धा अजून कुणी बोलत नाही.

कायदा आहे, पण तो कुणाचा? २००४ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सांगितलं, की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं. निकाल योग्यच होता. पण 'सिफी' हा कंपनीने बनवलेला शब्द होता. 'पाऊस', 'वाळू', 'चूल' हे शब्द कुणा कंपनीचे नाहीत, म्हणून त्यांच्या बाजूने कोर्टात जाणारंही कुणी नाही. ज्याच्याकडे ट्रेडमार्क त्याला न्याय, ज्याच्याकडे पैसा त्याला नाव. टेस्लालासुद्धा स्वतःचं नाव २०१६ मध्ये विकत घ्यावं लागलं, तोवर ती मागे 'मोटर्स' जोडून फिरत होती. तिला परवडलं.

आता तुमचा प्रश्न, जो तुम्ही दुसऱ्या परिच्छेदापासून मनात धरून बसलायत : आजकाल पत्ता टाइप कोण करतं? इन्स्टावर हँडल घे, यूट्यूबवर चॅनेल काढ. पहिली गोष्ट, हँडल घ्यायला जा आणि बघा, शेवटी अंडरस्कोअर आणि जन्मसाल लावल्याशिवाय काय मिळतं ते. दुसरी गोष्ट मोठी आहे. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. बंदी बरोबर की चूक, तो वाद वेगळा. पण गावोगावच्या ज्या पोरापोरींना तिथे लाखो लोक नावाने ओळखत होते, त्यांची ती ओळख एका रात्रीत गेली. हँडल म्हणजे दुसऱ्याच्या वाड्यातली खोली. डोमेनसुद्धा भाड्याचंच, पण सामान उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेलं तरी दारावरची पाटी तुमच्याबरोबर येते. म्हणून भांडायचं तर पाटीसाठीच.

आणि मराठी माणसाची पाटी दुप्पट महाग पडते. 'झाड' झेडने सुरू करायचं की जे-एचने? मधे ए एक की दोन? एका झाडाची चार स्पेलिंगं. चारही घ्या, नाहीतर तुमचा वाचक दुसऱ्याच्या अंगणात. उलट मन, मान आणि माण तालुका, तिन्ही इंग्रजी 'मॅन'मध्ये जाऊन बसतात. मग आपण आपले शब्दच टाळायला लागतो. ळ नको, ण नको, जोडाक्षर नको. आधी उपलब्ध काय ते बघायचं आणि मग बाळाला तसं नाव ठेवायचं, असं चाललंय.

याच जागी देवनागरीकडे बघा. ३४ व्यंजनं आणि दहा स्वर धरले तर ३४० अक्षरं होतात. जोडाक्षरं सोडूनही दोन अक्षरी नावं १,१५,६०० निघतात. ङ आणि ञ कुणी घेणार नाही, ण आणि ळ ने शब्द सुरू होत नाही, ऱ्हस्व-दीर्घ कानाला फारसं कळत नाही. हे सगळं वजा करा. तरी त्या ११,०२५ च्या कितीतरी पुढे राहतो. आणि देवनागरीत डॉट भारत २०१४ पासून उपलब्ध आहे! आपण ते वापरत नाही, कारण अर्धे फॉर्म असा ईमेल पत्ता घेत नाहीत आणि पत्ता कॉपी केला की 'एक्सएन' आणि दोन रेघांनी सुरू होणारी गिचमिड बाहेर पडते. मराठीचे गोडवे गाणाऱ्या किती संस्थांनी आपली पाटी तिथे लावली?

मागणी दोन ओळींची आहे. जो नाव विकायला काढतो, त्याने मागितलेल्या किमतीवर दरवर्षी शुल्क भरावं. चार हजार डॉलर मागतोस? पाच टक्क्यांनी दोनशे भर. जो नाव वापरतो, त्याला आजचाच दर. छुपे सौदे होतील, खोट्या साइट उभ्या राहतील, हे मला माहीत आहे. पण नियमाने फरक पडतो याला पुरावा आहे. पूर्वी पाच दिवसांत नाव परत करून पूर्ण पैसे मिळायचे, म्हणून लाखो नावं फुकट चाखून टाकली जायची. आयकॅनने तो परतावा आवळला आणि हा प्रकार ९९ टक्क्यांहून जास्त घटल्याचं २००९ मध्ये जाहीर केलं. डॉट कॉमची सूत्रं आपल्या हातात नाहीत. डॉट इन आणि डॉट भारतची आहेत, दिल्लीत, निक्सीकडे. डॉट भारतची गर्दी अजून झालेली नाही. साठेबाज पोचायच्या आधी नियम करायची अशी वेळ पुन्हा येणार नाही.

आम्ही गेल्या महिन्यात डॉट भारतवर दुसरी पाटी लावली. दोन अक्षरांची. काकूंना फोन केला, नाव सांगितलं. त्यांनी स्पेलिंग विचारलं नाही.