हॅपी? गुड फ्रायडे?

गुड फ्रायडे म्हणजे लाँग वीकेंड, आणि लाँग वीकेंड म्हणजे महाबळेश्वर! सातारा ओलांडता ओलांडता मी मिरजेच्या मैत्रिणीला मेसेज टाकला, ‘हॅपी गुड फ्रायडे!’ उत्तर आलं, ‘अगं, आज येशूला वधस्तंभावर दिलं. घरात उपास आहे.’ धरणी दुभंगावी असं झालं.

रात्री तिनंच फोन केला. दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये येशूच्या शेवटच्या सात उद्गारांवर प्रवचनं झाली, गाणी अस्सल मराठी, ना. वा. टिळकांची. (1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ याच साताऱ्यात काढणारे टिळक!) ईस्टर म्हणजे पुनरुत्थानाचा रविवार, 21 मार्चपासूनच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा. म्हणजे तारीख चंद्रावरच, आपल्यासारखी.

रविवारी भल्या पहाटे पुन्हा मेसेज केला. ‘हॅपी ईस्टर. हे चालतं ना गं?’