विश्लेषण : सर्व्हर पाण्याने गार होणार, मग आपल्या नळाचे काय?

शहाडजवळ उल्हास नदीतून उचललेले पाणी ‘स्टेम’ प्राधिकरणामार्फत ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला जाते. त्याच नदीतून वरच्या अंगाला, जांभूळजवळ एमआयडीसी पाणी उचलते. ते ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यालाही पुरवले जाते. याच पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे येथे डेटा सेंटर उभी राहिली आहेत. एआयमुळे तिथल्या सर्व्हरना आता पंखे पुरेनासे झाले असून ‘वॉटर कूलिंग’ येत आहे. यामुळे नदीवरचा ताण वाढणार का?

पंखे का पुरत नाहीत?

डेटा सेंटरमधील सर्व्हरच्या मदरबोर्डवर बहुधा दोन प्रोसेसर असतात. २०२४ मध्ये आलेल्या इंटेल आणि एएमडीच्या सर्वात मोठ्या सर्व्हर प्रोसेसरची क्षमता प्रत्येकी ५०० वॉटची आहे. दोन मिळून १,००० वॉट, म्हणजे घरातली इस्त्री चोवीस तास चालू ठेवल्यासारखे. ही उष्णता मिनिटाला अवघे एक लिटर पाणी वाहून नेते आणि ते सुमारे १४ अंशांनी तापते. तेवढ्याच तापमानवाढीत हेच काम हवेने करायचे तर मिनिटाला सुमारे ३,५०० लिटर हवा फिरवावी लागते.

मदरबोर्डवर पाणी कसे फिरते?

प्रत्येक प्रोसेसरवर तांब्याची पोकळ प्लेट घट्ट बसवतात. तिच्यातील बारीक खाचांतून पाणी किंवा ग्लायकॉल मिसळलेले पाणी वाहते. दोन प्लेट एकामागे एक जोडल्या तर दुसऱ्या प्रोसेसरला पहिल्याने तापवलेले पाणी मिळते, म्हणून प्रवाह पुरेसा ठेवावा लागतो. मेमरीसारख्या इतर भागांसाठी काही पंखे राहतातच. पुण्यात ‘आयसर’मधील सी-डॅकच्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकात अशीच थेट द्रव-शीतकरण यंत्रणा आहे.

मग पाणी खर्च कुठे होते?

मदरबोर्डवर नाही. तिथले पाणी गाडीच्या रेडिएटरप्रमाणे बंद नळीत पुन्हा पुन्हा फिरते. खर्च होतो तो बाहेरच्या कूलिंग टॉवरमध्ये. तिथे पाण्याची वाफ करून उष्णता हवेत सोडतात. एक किलोवॉट उष्णता तासभर अशी सोडायला सुमारे दीड लिटर पाणी उडून जाते. एक मेगावॉटसाठी हा आकडा दिवसाला ३६ हजार लिटर होतो. माणशी १३५ लिटरच्या शहरी निकषाने हे सुमारे २६५ जणांचे रोजचे पाणी झाले. टॉवरमध्ये क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यावे लागणारे पाणी वेगळेच.

लक्षात घ्या, सर्व्हर पंख्यांवर चालणारा असला तरी इमारतीचे एसी कूलिंग टॉवरवर असेल, तर पाणी तिथेही उडतेच.

पाणी वाचू शकते का?

हो, आणि वॉटर कूलिंगमुळेच. प्रोसेसरवरच्या प्लेटला बर्फासारखे पाणी लागत नाही. अनेक यंत्रणांत ४० ते ४५ अंशांचे पाणीही चालते. इतके गरम पाणी वाफ न करता, मोठ्या रेडिएटरवर हवा सोडून गार करता येते. याला ‘ड्राय कूलर’ म्हणतात. पारा चाळिशीला टेकतो त्या दिवसांत मात्र त्याची कसोटी लागते आणि पंख्यांची वीजही वाढते. दुसरा मार्ग प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा. नवी मुंबई महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोली येथे उद्योगांना असे पाणी देण्यासाठी प्रकल्प उभारले आहेत.

नागरिकांनी काय विचारावे?

डेटा सेंटरच्या घोषणेत गुंतवणुकीचे कोटी आणि विजेचे मेगावॉट सांगितले जातात. त्यासोबत तीन गोष्टी जाहीर व्हायला हव्यात : टॉवर की ड्राय कूलर, पाणी पिण्याचे की प्रक्रिया केलेले, आणि एप्रिल-मेमध्ये रोज किती लिटर. बारवी धरण आणि उल्हास नदीच्या भरवशावर उद्योग आणि घरे दोन्ही आहेत. पाणीकपातीचे वेळापत्रक लागण्याआधी हा हिशेब मांडला गेला, तरच त्याचा उपयोग.