पुस्तकांचं गाव कुणाचं?

नांदेडहून पुण्यामार्गे एस.टी.त अंग आंबवत मी भिलारला जाऊन आलो. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं, स्ट्रॉबेरी पिकवणारं शांत गाव. ४ मे २०१७ ला सरकारनं त्याला 'पुस्तकांचं गाव' केलं. मूळ कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायची. तिथं रिचर्ड बूथ नावाच्या इसमानं पेंगुळलेल्या बाजारगावात जुन्या पुस्तकांची दुकानं उभी केली आणि १९७७ साली स्वतःला गावचा राजाच जाहीर करून टाकलं. तिथं पुस्तकं विकतात. भिलारात विकत नाहीत. सुरुवातीला २५ ठिकाणी, लोकांच्या राहत्या घरांतसुद्धा, कपाटं ठेवली. जा, बसा, वाचा.

एका घरापुढं चप्पल काढली आणि उंबऱ्यावर अडखळलो. आत जाऊ का, हे डोक्यानं नाही, पायांनी विचारलं. माझा आजा पाटलाच्या ओसरीखाली उभा राहून बोलायचा. पाणी वरून ओंजळीत. आतून बाई म्हणाल्या, "या की, बसा." आडनाव विचारलं नाही. दोन तास वाचत बसलो.

बरं वाटलं. मग रागही आला. परक्याच्या घरात बसून पुस्तक वाचायचं, एवढ्या साध्या गोष्टीचं मला अप्रूप का वाटावं?

कारण मी मराठवाड्यातला. इथं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं.

वाचायचं कसं हे आपल्याला कुणी शिकवू नये. ६ डिसेंबरला दादरला बघा. चैत्यभूमीच्या वाटेवर पुस्तकांचं अख्खं गाव वसतं. मजुरीचे पैसे मोडून माणसं पुस्तकं बांधून नेतात. त्या गावाला सरकारी पाटी लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. उद्या नांदेड-लातूरकडच्या एखाद्या गावात ही योजना आली, तर पहिलं कपाट आपल्या वस्तीत ठेवा. आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो, ही अर्धीच गोष्ट झाली. पाटलाचा पोरगा आमच्या दारात चप्पल काढून आत येईल, आमच्या माठातलं पाणी पिऊन वाचत बसेल, त्या दिवशी ते पुस्तकांचं गाव. तोवर नुसतं कपाटांचं.

आणि योजनेची वाट कशाला बघायची? विहारात एक फळी ठोका. दार उघडं ठेवा.