नॅचरल आहे, पण गुण येतो का?

पाळी जाण्याच्या वयात अंगातून गरम वाफा येतात, रात्री घामानं गाऊन भिजतो. आमच्या भिशीत यावर निदान चार औषधं सुचवली जातात, सगळी 'नॅचरल'!

२००२ मध्ये अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' अभ्यासात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला. तो प्रयोग मध्येच थांबवला आणि घाबरलेल्या बायका झाडपाल्याकडे वळल्या. त्यातली लाडकी वनस्पती ब्लॅक कोहॉश. २००६ मध्ये ३५१ जणींवरच्या वर्षभराच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. वाफा कमी केल्या त्या हार्मोन्सनी. ब्लॅक कोहॉश आणि खोटी गोळी यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

मला महत्त्वाची वाटते ती ही खोटी गोळीच. ती घेऊनही बऱ्याच जणींना बरं वाटतं, शिवाय वाफा काळानं ओसरतातच. मग शेजारणीचं 'मला गुण आला बाई' हा पुरावा कसा मानायचा?

सगळंच पर्यायी फोल, असंही नाही हं. 'नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटी'नं २०२३ मध्ये वनौषधी, सोया, अ‍ॅक्युपंक्चर यांना वाफांसाठी नकार दिला, पण क्लिनिकल हिप्नॉसिसला होकार! ब्लॅक कोहॉशच्या वेष्टनावर तर २००६ मध्येच ब्रिटननं यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा छापायला लावला. घेत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.