जुन्या गाडीचा साज

आमच्या सातारच्या घरीं, ओसरीच्या कडेला, एक स्कूटर कित्येक वर्षें झांकून ठेविलेली होती. थोरल्या बंधूंनीं ती १९७९ सालीं घेतली. त्या काळीं स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि गाडी दारांत आली म्हणजे पेढे वांटले जात. 'प्रिया' हें तिचें नांव, आणि तिचें माहेर साताराच. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ व बजाज ऑटो यांनीं १९७५ सालीं भागीदारीनें 'महाराष्ट्र स्कूटर्स' ही कंपनी काढली. तिच्या सातारच्या कारखान्यांतून या गाड्या बाहेर पडत. घराण्याचें मूळ मात्र इटलींत. पियाज्यो कंपनीनें १९४६ सालीं 'व्हेस्पा' काढली. बजाजनें करार करून ती आपल्या देशांत बनविली. १९७१ सालीं करार संपला, आणि पुढील गाड्या स्वतःच्या नांवांनीं निघाल्या. आज 'प्रिया' बनत नाहीं.

बंधु निवर्तले आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. गेल्या वर्षीं पुतण्यानें ती नीट करण्याचें मनावर घेतलें. यंत्राची अडचण फारशी पडली नाहीं. त्या जातीच्या गाड्या देशांत इतक्या झाल्या कीं, झिजणारे भाग अजून मिळतात. अडचण पडली ती साजाची : पुढील ढालीवरील नांवाची पट्टी, ढालीच्या कडेची चकाकती किनार, पाय ठेवण्याच्या जागेवरील रबराच्या पट्ट्या. यांवांचून गाडी धांवते, परंतु आपली म्हणून ओळखूं येत नाहीं.

पुतण्यानें बाजारांतून सारा साज नवा आणला. वहिनींनीं चष्मा लावला, नांवाची पट्टी हातांत घेतली आणि लागलीच खालीं ठेविली.

"अरे, हें वळण आपल्या गाडीचें नव्हे. पंचवीस दसरे मीं ती पट्टी पुसली आहे."

पुतण्याचा विश्वास बसेना. तेव्हां, इतिहाससंशोधक शिलालेखाचा ठसा घेतात त्याप्रमाणें, आम्हीं जुन्या पट्टीवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीनें ठसा उमटविला आणि तो नव्या पट्टीवर धरला. अक्षरांचें वळण जुळेना, मागील खुंट्याहि ढालीच्या भोंकांशीं जुळेनात. हातांत तोलून पाहतां नवी पट्टी प्लॅस्टिकची निघाली, चकाकी वरवरची. जुन्या किनारीस लोहचुंबक चिकटत नव्हतें, नवीस चिकटलें. म्हणजे ती पोलादी पत्र्याची होती, आणि सातारच्या दोन पावसाळ्यांत गंजली असती. कागद, तोल आणि लोहचुंबक या तीन कसोट्यांस पैसा लागत नाहीं. परंतु त्यांसाठीं जुनी वस्तु हाताशीं असावी लागते. म्हणून वाचकांस विनंति कीं, जुनी गाडी उघडतांना मोडका तुकडाहि फेंकूं नये.

अमेरिकेंत १९६४ सालीं निघालेल्या मस्टँगसारख्या मोटारींचा साजच काय, सबंध सांगाडाहि नव्यानें बनविलेला मिळतो. कारण तेथें गिऱ्हाइकें अमाप. आमच्या 'प्रिये'चे चाहते थोडे, म्हणून तिच्या साजासाठीं काळजीहि थोडीच घेतली जाते. किनार व रबर आम्हांस जुन्या सामानाच्या दुकानांतून हळूहळू मिळालें. नांवाची पट्टी मात्र कोठेंच मिळेना, आणि आमची तर टोंकाशीं तुटलेली.

शेवटीं ती घेऊन आम्ही सांगलीस एका ओतकाम करणाऱ्या कारागिराकडे गेलों. त्यानें तुटकें टोंक मेणानें पुरें केलें, पट्टी वाळूंत दाबून साचा घेतला आणि ॲल्युमिनियम ओतलें. वळण हुबेहूब उतरलें. पण घरीं येऊन लावूं जातों तों खुंट्या भोंकांत बसेनात! पुन्हां सांगली. कारागीर हंसून म्हणाला, "मीं आधींच सांगावयास हवें होतें. धातु थिजतांना आकसतो." ॲल्युमिनियम हजारांत सुमारें तेरा भाग आकसतें; खुंट्यांतील १२० मिलिमीटर अंतरांत दीड मिलिमीटर तूट आली होती. ज्या वस्तूवरून साचा घेतला तिच्याहून नक्कल नेहमीं लहानच निघावयाची. म्हणून जाणते लोक नमुनाच तितका वाढवून करतात. दुसऱ्या खेपेस त्यानें तसें केलें, आणि पट्टी चपखल बसली. माझ्या सांगण्यावरून त्यानें तिच्या पाठीवर ओतल्याचें सालहि ठोकून दिलें. "ती बाजू कोण पाहणार, काका?" असें पुतण्या म्हणाला.

त्याच फेरींत वहिनींचा तंबोरा मिरजेस दाखवावयाचा होता. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें वाचकांस ठाऊक असेलच. पूर्वीं उंची वाद्यांवरील नक्षी हस्तिदंताची असे. वन्यजीवांच्या संरक्षणासाठीं कायदे झाल्यावर तिच्या जागीं सेल्युलॉइड आलें. कारागिरानें उखडलेली नक्षी दाखवून सरळ सांगितलें, "येथें सेल्युलॉइड बसवीन; भोपळ्यास हात लावणार नाहीं." त्यामुळें तंबोरा खोटा ठरला नाहीं, आणि कारागीरहि नाहीं.

ही गोष्ट मला महिन्याभरानें आठवली. पुतण्याच्या मुलीचें कॉलेज सुरू व्हावयाचें होतें, पैसा हवा होता, आणि पुण्याचे एक शोकीन गृहस्थ गाडीस चांगली किंमत देऊं करीत होते. त्यांचा हिशेब उघड होता. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या नियमांप्रमाणें, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेल्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या आणि मोठी फेरबांधणी न झालेल्या गाडीस 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी मिळते. आमच्या गाडीस २०२९ सालीं पन्नास पुरीं होतात. त्यामुळें 'मूळची' या शब्दास आतां मोल आलें आहे. एका पट्टीनें नोंदणी अडेल असें नाहीं, पण शोकिनाच्या किंमतींत फरक पडतो.

आदल्या रात्रीं पुतण्या म्हणाला, "काका, पट्टीचें कोणास कळणार आहे?"

मी उत्तर शोधीत होतों, तोंच वहिनी म्हणाल्या, "कळणार नाहीं, म्हणूनच सांगावयास हवें."

तो कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्या गृहस्थांनीं गाडीभोंवतीं दोन फेऱ्या घातल्या आणि विचारलें, "साज सगळा मूळचाच ना?" पुतण्यानें एकवार आईकडे पाहिलें, पट्टी काढून उलटी केली आणि पाठीवरचें साल दाखविलें. किनार व रबर कोठून आणलें, तेंहि सांगितलें. गृहस्थांनीं किंमत उतरविली. जी तूट आली तींत आम्हां उरलेल्या भावांनीं भर घातली. एकत्र घर असतें तें याचसाठीं.

जातांना त्यांनीं तुटकी पट्टीहि मागितली. ती मात्र मूळची होती. वहिनी देतील असें मला वाटलें नव्हतें. परंतु त्यांनीं ती पेटींतून काढली, पदरानें एकदां पुसली आणि फडक्यांत बांधून त्यांच्या हातीं दिली. "तिची वस्तु तिच्याबरोबर असूं द्यावी," एवढेंच त्या म्हणाल्या.

जुनी वस्तु नवी करतांना नक्कल करावीच लागते. तींत कमीपणा नाहीं. फक्त नकलेच्या पाठीवर साल असावें, आणि कोणीं विचारलें तर ती बाजू दाखविण्याची तयारी असावी.