फीत कापण्याआधी

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. कलावंत ढसाढसा रडले, सरकारनं पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला. वास्तू उभी राहील, पण पुढं? जुनी थिएटरं आगीत क्वचितच जातात. बहुतेक मरतात ती बंद एसीनं, तुंबलेल्या स्वच्छतागृहांनी आणि हौशी मंडळींना न झेपणाऱ्या भाड्यानं. (मेकअप रूमचा विषय कुठल्याही नाटकवाल्याकडे काढून पाहा!) महापालिकेनं फीत कापण्याआधी देखभालीची वार्षिक तरतूद आणि स्थानिक संस्थांसाठी सवलतीचे दर जाहीर करावेत. आणि कोल्हापूरकरांनो, पास मागू नका. तिकीट काढून या.