लोंढे येत नाहीत, लोटले जातात

शहरांच्या दुरवस्थेचे खापर गरिबांच्या लोंढ्यांवर फोडणाऱ्यांनी २०११ची जनगणना डोळसपणे वाचावी. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. तत्कालीन ठाणे जिल्ह्याची मात्र ३६ टक्क्यांनी. त्याच काळात रत्नागिरीची जवळजवळ ५, सिंधुदुर्गची २ आणि खुद्द मुंबई शहर जिल्ह्याची साडेसात टक्क्यांनी घटली. ही माणसांची हौस नव्हे, भांडवलाची करणी आहे. कोकणात पुरेसा रोजगार उभा राहिला नाही. गिरणगावात गिरण्यांच्या जमिनींवर धनिकांचे मनोरे मात्र उभे राहिले. दोन्हीकडून उखडला गेलेला कष्टकरी विरार-डोंबिवलीच्या लोकलला लोंबकळतो आहे. गावात काम आणि कामापाशी घर, हा त्याचा हक्क शासनकर्त्यांकडून कार्यकर्त्यांनी वसूल केलाच पाहिजे.